दिवस जाण्याआधीच सुरू करा फोलिक ॲसिडची गोळी. सोबत ‘बी-१२’ही विसरू नका

मंद्रूप (ता. दक्षिण सोलापूर) : पेरणीच्या आधी बियाण्याला बीजप्रक्रिया करायची असते, हे आपल्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. शाळू उगवून वर आल्यावर कुणी बियाण्याला औषध चोळायला बसत नाही, कारण तेव्हा वेळ निघून गेलेली असते. फोलिक ॲसिडच्या गोळीचंही असंच आहे. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची पहिली घडण नीट व्हावी म्हणून ही गोळी लागते. ती घडण गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांत होऊन जाते. आपल्याकडे मात्र अनेक घरांत गोळी सुरू होते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, दवाखान्यात नाव नोंदवल्यावर.

गोळी स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. फक्त ती वेळेवर पोटात जायला हवी. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. नुसतं फोलिक ॲसिड पुरत नाही, त्याच्या जोडीला ‘बी-१२’ हे जीवनसत्त्व लागतं, आणि सरकारी लाल गोळीत ते नसतं. हे दोन मुद्दे घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावेत, म्हणून ही माहिती.

आधी तारखांचा हिशोब बघा

समजा, एखाद्या सूनबाईची पाळी १ तारखेला आली. पाळी नियमित असेल तर गर्भ साधारण १५ तारखेच्या आसपास राहतो. पुढची पाळी २९ तारखेच्या सुमाराला चुकते. दोन-चार दिवस वाट बघण्यात जातात. मग कुणी मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणतं, कुणी आणखी आठवडाभर थांबतं. घरात सासूबाईंना सांगायचं, माहेरी कळवायचं, मग आशाताईंकडे नाव द्यायचं. यात दीड-दोन महिने सहज निघून जातात.

इकडे पोटात काय चाललेलं असतं? गर्भ राहिल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाळाच्या पाठीकडच्या बाजूला एक पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा वर येऊन एकमेकींना चिकटतात आणि नळी तयार होते. वरच्या टोकाला त्या नळीचा मेंदू होतो आणि खाली मज्जारज्जू, म्हणजे मणक्यातून जाणारी मुख्य नस. ही नळी २८ व्या दिवसापर्यंत पूर्ण बंद व्हावी लागते. आपल्या उदाहरणात ती तारीख येते पुढच्या महिन्याची १२ किंवा १३. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. त्या वेळी कित्येक बायकांना आपल्याला दिवस गेलेत याची खात्रीही नसते.

नळी खालच्या बाजूला उघडी राहिली तर बाळाच्या पाठीवर गाठ किंवा फोड घेऊन जन्म होतो. अशा मुलांना पुढे पायात ताकद नसणं, लघवी-संडासवर ताबा नसणं, डोक्यात पाणी साठणं असे त्रास होऊ शकतात. वरच्या बाजूला उघडी राहिली तर कवटी आणि मेंदू नीट बनतच नाहीत, आणि असं बाळ जगत नाही. पाचव्या महिन्याच्या सुमाराला सोनोग्राफीत हे कळतं, तेव्हा त्या घरावर काय प्रसंग येतो हे सांगायची गरज नाही. मग दोष काढला जातो तो ग्रहणाचा, नजरेचा, नाहीतर सुनेच्या पायगुणाचा. यातलं काहीही कारण नसतं. काही वेळा घराण्यात दोष असतो, काही वेळा मधुमेह किंवा एखादं औषध कारण असतं, आणि पुष्कळ वेळा आईच्या अंगात फोलेट आणि बी-१२ कमी पडलेलं असतं.

शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतच

फोलिक ॲसिड हा काही परदेशातून आपल्यावर लादलेला प्रकार नाही. त्याच्या शोधाची सुरुवातच मुंबईत झाली. १९२८ साली डॉ. लुसी विल्स नावाच्या इंग्रज बाई मुंबईत आल्या. त्या वेळी कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना गरोदरपणात रक्त फार कमी होण्याचा आजार होत होता, त्यात जीवही जात होते. सोलापूरसारख्या गिरणगावाला ही कामगार बायकांची हालत परकी नाही.

डॉ. विल्स यांनी या बायका रोज काय खातात ते बघितलं. आहारात भाजीपाला, दूध, फळं अगदी कमी होती. त्यांनी यीस्टपासून बनवलेला ‘मार्माइट’ नावाचा स्वस्त पदार्थ या रुग्णांना देऊन बघितला, आणि बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष छापले. त्या पदार्थात नेमकं काय होतं ते तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून कित्येक वर्षं त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी टनावारी पालकापासून हाच घटक वेगळा काढला. पानातून निघाला म्हणून लॅटिन भाषेतल्या ‘फोलियम’, म्हणजे पान, या शब्दावरून त्याचं नाव पडलं फोलिक ॲसिड.

अन्नात असतं त्याला फोलेट म्हणतात आणि गोळीत असतं ते फोलिक ॲसिड. काम एकच. शरीरात नवीन पेशी तयार करायला ते लागतं. गर्भात पेशी झपाट्याने वाढत असतात, म्हणून तिथे त्याची गरज सगळ्यात जास्त. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे साध्या बाईला दिवसाला २२० मायक्रोग्रॅम फोलेट लागतं, तर गरोदर बाईला ५७० मायक्रोग्रॅम. म्हणजे अडीच पटीहून जास्त.

बाळाच्या मणक्याशी असलेला संबंध नक्की झाला तो १९९१ मध्ये. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांत एक चाचणी घेतली. आधीच्या बाळाला असा दोष असलेल्या बायका त्यात होत्या. फोलिक ॲसिड गर्भ राहण्याच्या आधीपासून घेतलेल्यांमध्ये पुन्हा असं बाळ होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवून निकाल जाहीर केला गेला. दुसऱ्याच वर्षी हंगेरीतल्या चाचणीने दाखवलं की पहिल्यांदा आई होणाऱ्या बायकांनाही हा फायदा मिळतो.

पुण्याजवळच्या सहा गावांनी काय शिकवलं

इथून पुढची गोष्ट आपल्या राज्यातली आणि आपल्यासारख्याच शेतकरी घरांतली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायकांची दिवस जाण्याआधीपासून नोंद ठेवली, गरोदरपणात त्या काय खातात, किती काम करतात, रक्तात काय कमी आहे हे तपासलं, आणि पुढे त्यांच्या मुलांकडेही वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं.

त्यातून पहिली गोष्ट कळली ती अशी, की ज्या बायका गरोदरपणात पालेभाजी, फळं आणि दूध वारंवार खात होत्या त्यांची बाळं जास्त चांगल्या वजनाची होती. या गावांतल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं. त्याच वेळी इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन गावच्या बाळांचं होतं साडेतीन किलो.

दुसरी गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. या बायकांच्या रक्तात फोलेट जवळपास सगळ्यांचं पुरेसं निघालं, पण बी-१२ मात्र सुमारे दोन-तृतीयांश बायकांचं कमी होतं. २००८ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत दिसलं, की ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षीच पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त होती. पुढे याच गटाने २०१२ मध्ये त्या गावांतल्या वयात आलेल्या मुलामुलींना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन बघण्याची चाचणी सुरू केली, म्हणजे आईबाप होण्याच्या आधीच कमतरता भरून निघावी.

याचा अर्थ फोलिक ॲसिड घेऊ नका असा मुळीच नाही. याचा अर्थ दोन्ही घ्या असा आहे. शेतीतलं उदाहरण द्यायचं तर, रानात नुसता युरिया टाकत राहिलं आणि स्फुरद, पालाश, झिंक दिलंच नाही, तर पीक हिरवंगार दिसतं पण दाणा भरत नाही. फोलेटला शरीरात काम करायला बी-१२ लागतं. बी-१२ नसेल तर आलेलं फोलेट अडकून पडतं, वापरलं जात नाही. दुसरा धोका असा की भरपूर फोलिक ॲसिडमुळे रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, पण बी-१२ च्या कमतरतेमुळे नसांची झीज आतल्या आत चालूच राहते. बाळाच्या मणक्याच्या दोषाशीही बी-१२ चा संबंध आहे. आयर्लंडमधल्या अभ्यासात बी-१२ कमी असलेल्या आयांमध्ये हा धोका जास्त दिसला.

आपल्या भागात कमी कुठे पडतं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्त कमी आहे. त्याआधीच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हाच आकडा ४८ टक्के होता. म्हणजे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलं. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात देशातल्या १० ते १९ वयाच्या मुलामुलींपैकी ३७ टक्क्यांना फोलेटची आणि ३१ टक्क्यांना बी-१२ ची कमतरता आढळली. याच मुली चार-पाच वर्षांनी आया होणार आहेत.

रक्त कमी होण्याला लोह हे एक कारण आहे, पण एकटं नाही. फोलेट किंवा बी-१२ कमी असेल तर रक्तपेशी आकाराने मोठ्या पण संख्येने कमी तयार होतात. अशा बाईला नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन हिमोग्लोबिन वाढत नाही. म्हणून गोळ्या नीट खाऊनही रक्त वाढत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगायचं.

ही लक्षणं दिसली तर अंगावर काढू नका :

- थोडं चाललं तरी दम लागणं, सतत थकवा, चक्कर, धडधड
- डोळ्याची आतली बाजू, नखं, जीभ फिकट दिसणं
- जीभ गुळगुळीत आणि लाल होणं, तिखट झोंबणं, तोंड येणं, ओठांचे कोपरे चिरणं
- हातापायांना मुंग्या येणं, तळवे बधिर वाटणं, चालताना तोल जाणं
- विसरभोळेपणा, चिडचिड, कशात मन न लागणं

यातल्या मुंग्या आणि बधिरपणा ही बी-१२ ची खूण असू शकते. ‘कामाने हात भरून आले’ म्हणून बायका ती सोडून देतात. हिमोग्लोबिन साध्या बाईला १२ आणि गरोदर बाईला ११ पेक्षा कमी नको. गरोदरपणात ७ च्या खाली गेलं तर तो धोक्याचा इशारा आहे, तिथे घरगुती उपाय करत बसू नये.

कोणती गोळी कुणासाठी?

‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. त्यात गोळ्यांचे रंग वयाप्रमाणे ठरवून दिलेत.

- ५ ते ९ वर्षं : गुलाबी गोळी, आठवड्याला एक.
- १० ते १९ वर्षं, मुलगे आणि मुली दोन्ही : निळी गोळी, आठवड्याला एक. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं.
- मूल होण्याच्या वयातल्या, पण गरोदर नसलेल्या बायका : लाल गोळी, आठवड्याला एक.
- गरोदर बाई : चौथ्या महिन्यापासून लाल गोळी रोज एक, किमान १८० दिवस. बाळंत झाल्यावरही पुढे १८० दिवस रोज एक.
- बाळाचा विचार करणारी बाई आणि पहिले तीन महिने : रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड.

शेवटची ओळ पुन्हा वाचा, कारण नेमकी तीच सगळ्यात जास्त चुकते. आठवड्याची लाल गोळी रक्तासाठी चांगली आहे, पण बाळाच्या मणक्याच्या संरक्षणासाठी रोजचं फोलिक ॲसिड लागतं. लग्न झालं आणि मूल हवं आहे, किंवा पहिल्यानंतर दुसऱ्याचा विचार आहे, किंवा कॉपर-टी काढली, गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या, तर त्याच दिवशी फोलिक ॲसिड सुरू करायचं. निदान एक महिना आधी, तीन महिने आधी मिळाले तर आणखी बरं. आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना एवढंच सांगायचं, ‘आम्हाला बाळाचा विचार करायचाय, फोलिक ॲसिड द्या.’ यात लाजण्यासारखं काही नाही.

मेडिकलमध्ये जाऊन मागितली तर बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते. ती ४०० मायक्रोग्रॅमच्या बारापटीहून जास्त ताकदीची आहे. ती कुणासाठी आहे हे पुढे दिलंय. स्वतःच्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारून घ्या.

या बायकांनी आधी डॉक्टरांना भेटायचंच

- आधीच्या बाळाला पाठीच्या मणक्याचा किंवा कवटीचा दोष होता
- नवरा-बायकोपैकी कुणाला किंवा जवळच्या नात्यात असा दोष आहे
- आकडी (फिट) येते आणि तिची औषधं चालू आहेत
- मधुमेह आहे
- पाळीच्या तक्रारीसाठी किंवा साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू आहे

आकडीच्या काही औषधांनी मणक्याच्या दोषाचा धोका वाढतो. पण ती औषधं एकदम बंद करणं त्याहून धोक्याचं आहे. दिवस जाण्याच्या आधीच डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात आणि फोलिक ॲसिडचा जास्त डोस ठरवतात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की अंगातलं बी-१२ कमी होऊ शकतं, तेव्हा तपासणीबद्दल विचारावं.

‘गोळीने बाळ मोठं होतं’ आणि इतर समज

गावात गोळ्या वाटल्या जातात, पण त्या सगळ्या पोटात जातातच असं नाही. कपाटात, पत्र्याच्या डब्यात, कधी उकिरड्यावर पडलेल्या दिसतात. त्यामागे काही समज आहेत.

*गोळीने बाळ मोठं होऊन डिलिव्हरी अडते.* नाही. गोळीने बाळ अवाढव्य होत नाही. उलट आईला रक्त कमी असेल तर बाळ कमी वजनाचं आणि दिवसाआधी होण्याचा धोका वाढतो, आणि बाळंतपणात रक्त गेलं तर ते आईच्या जिवावर बेतू शकतं.

*गोळीने बाळ काळं होतं.* बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून नाही.

*संडास काळी होते म्हणजे गोळी बाधली.* लोहाच्या गोळीने संडासचा रंग काळा होतोच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

*मळमळतं, पोट साफ होत नाही.* हे खरं आहे, काहींना त्रास होतो. रात्री जेवणानंतर झोपताना गोळी घ्या, पाणी जास्त प्या, पालेभाजी खा. तरी जमत नसेल तर गोळी फेकू नका, सिस्टरना सांगा. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत लोहाची गोळी घेऊ नका, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबू किंवा आवळा सोबत असला तर लोह जास्त लागू पडतं.

*अंडं उष्ण असतं, पोटुशीला चालत नाही.* नीट शिजवलेलं अंडं गरोदर बाईला चालतं, आणि बी-१२ मिळण्याचा तो सोपा मार्ग आहे.

आपल्या रानातलं, आपल्या ताटातलं

फोलेट विकत आणायला कुठे लांब जावं लागत नाही. रब्बीत आपल्या काळ्या रानात ते उगवतं. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून केलेली भाजी, करडईची कोवळी भाजी, मेथी, शेपू, पालक, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, शेवग्याचा पाला, ही सगळी फोलेटची झाडं. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात दीडशे ते दोनशे मायक्रोग्रॅम फोलेट असतं. हरभरा, चवळी, मूग, मसूर या कडधान्यांत आणि शेंगदाण्यातही ते चांगलं असतं. म्हणजे भाकरीबरोबरची शेंगाचटणी ही नुसती चव नाही. वेळ अमावस्येला रानात जी भज्जी होते, तीत ओला हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या सगळं एकत्र शिजतं. वर्षातून एकदा पूजेला करतो तेच आठवड्यातून दोन-तीनदा घरी केलं तर बिघडत नाही.

पण फोलेट नाजूक असतं. ते पाण्यात उतरतं आणि जास्त शिजवल्याने नष्ट होतं. भाजी चिरून मग धुतली, उकडून पिळून पाणी ओतून दिलं, की त्यातलं बरंचसं मोरीत गेलं. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, झाकण ठेवून थोड्या पाण्यात लवकर शिजवावी. अंबाडीसारखी आंबट भाजी उकडून पाणी टाकावंच लागत असेल, तर त्या दिवशी सोबत मोड आलेली मटकी किंवा हरभरा ठेवावा. सकाळची भाजी संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा गरम करणंही टाळावं.

बी-१२ चं गणित वेगळं आहे. ते कोणत्याही भाजीत, धान्यात, डाळीत नाही. ते फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं : दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण, कलेजी. गरज अगदी थोडी, दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण तेवढीही मिळत नाही, याचं कारण आपल्या घरातल्या वाटपात आहे. म्हैस दारात असते, धार बाईच काढते, आणि दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं. मागे राहतं ते चहापुरतं. त्यातून उरलंच तर पोरांना आणि बाप्यांना. सगळ्यांची जेवणं झाल्यावर बसणाऱ्या सुनेच्या वाट्याला तळाची आमटी आणि भाकरी येते. भरीला सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास, आणि उपवासाला साबुदाणा. साबुदाण्यात पोट भरण्यापलीकडे फारसं काही नाही.

शाकाहारी घरांनी अंडी-मटण खावं असं कुणी म्हणत नाही. त्यांच्यासाठी रस्ता दुधाचा आहे. मूल होण्याच्या वयातल्या बाईला रोज दोन पेले दूध आणि एक वाटी दही मिळालं तर बी-१२ ची बरीचशी गरज भागते. डेअरीला जाणाऱ्या दुधातून अर्धा लिटर मागे ठेवणं हा खर्च वाटेल, पण दवाखान्याच्या बिलापुढे तो काहीच नाही. ज्यांना दूध पचत नाही, त्यांना दही-ताक बहुधा चालतं. जी बाई दूधही घेत नाही आणि अंडीही खात नाही, तिने डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळी घ्यायलाच हवी.

बी-१२ यकृतात साठून राहतं, त्यामुळे कमतरता दिसायला कधी कधी वर्षं लागतात. फोलेटचा साठा मात्र तीन-चार महिन्यांतच संपतो. आईच्या अंगात बी-१२ नसेल तर तिच्या दुधातही कमी उतरतं. असं फक्त अंगावर पिणारं बाळ सुस्त राहतं, मान उशिरा धरतं, शिकलेलं विसरतं, काहींना थरथर सुटते. वेळेवर ओळखलं तर उपचार आहे.

रेशनचा ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’

रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसले, पाण्यात तरंगले, म्हणून ‘प्लॅस्टिकचा तांदूळ आला’ असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. ते प्लॅस्टिक नाही. तांदळाचं पीठ करून त्यात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळतात आणि यंत्रातून पुन्हा दाण्याचा आकार देतात. असे दाणे साध्या तांदळात साधारण शंभराला एक या प्रमाणात टाकले जातात. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी याची घोषणा झाली आणि मार्च २०२४ पर्यंत देशभरच्या रेशनमध्ये हा तांदूळ पोहोचवण्यात आला. असे दाणे दिसले तर निवडून टाकू नका. तांदूळ सात-आठ वेळा चोळून धुवू नका आणि भाताचं पाणी ओतून देऊ नका. मात्र या तांदळावर विसंबून गोळी सोडायची नाही. भाकरीच्या मुलखात भात किती खाल्ला जातो, हेही बघायला हवं.

घराने काय करायचं?

हे काम एकट्या सुनेचं नाही. लग्न ठरलं की मुलीच्या आईने तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. मुलगी अठराच्या आत असेल तर लग्नच करू नये, तो कायद्याने गुन्हा आहे आणि तिच्या स्वतःच्या शरीराचीही वाढ तेव्हा पूर्ण झालेली नसते. नवऱ्याने फोलिक ॲसिड आणायची जबाबदारी घ्यावी आणि मोबाइलमध्ये रोजची आठवण लावावी. सासूबाईंनी दुधाचा पेला आधी सुनेसमोर ठेवावा. मिश्री आणि तंबाखू घरातल्या बायकांनी सोडावी, निदान बाळाचा विचार असताना तरी.

गावात महिन्याला अंगणवाडीत होणारा आरोग्य व पोषण दिवस, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची होणारी मोफत तपासणी, या दोन्ही ठिकाणी जायला विसरू नये. ऊसतोडीला बाहेर जाणाऱ्या बायकांनी निघण्याआधी पुरेशा गोळ्या सोबत घ्याव्यात आणि माता-बाल कार्ड जवळ ठेवावं. आपल्या भागात तोडीला आलेल्या टोळीत कुणी बाई गरोदर दिसली, तर रान ज्याचं आहे त्याने आशाताईंना एक फोन करावा. कोपीवर राहणाऱ्या बाईला आपल्या गावातल्या दवाखान्याची वाट माहीत नसते.

मंद्रूप, निंबर्गी, भंडारकवठे, विंचूर, कंदलगाव या पट्ट्यात दरवर्षी कितीतरी लग्नं होतात. हळद, बस्ता, जेवणावळी यांचा हिशोब महिनाभर आधीपासून चालतो. त्याच यादीत फोलिक ॲसिडच्या गोळ्या आणि रोजचं अर्धा लिटर दूध एवढ्या दोन ओळी वाढवल्या, तर येणाऱ्या बाळाच्या पाठीचा कणा सरळ राहण्याची शक्यता वाढते. पाळी चुकेपर्यंत वाट बघू नका.

(गोळ्यांचा डोस प्रत्येकीच्या तब्येतीप्रमाणे बदलू शकतो. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर, सिस्टर किंवा आशाताईंचा सल्ला घ्यावा.)